एमपीसी-एचसी : गचके खाणाऱ्या व्हिडिओचं दुखणं आकड्यांत दाखवणारा प्लेअर

फोटोग्राफरने दिलेला पेनड्राइव्ह घरच्या कॉम्प्युटरला लावला की बऱ्याच घरांत एकच प्रकार होतो. सनई सरळ वाजत राहते, अंतरपाट मात्र चार हिसक्यांत बाजूला होतो. अक्षता हवेतच थांबतात आणि मग एकदम जमिनीवर दिसतात. तीच फाइल नव्या फोनवर विनातक्रार चालते. मग सल्ले सुरू होतात: रॅम वाढव, कोडेक पॅक टाक, विंडोज नव्याने मार, नाहीतर सरळ नवा कॉम्प्युटर घे. व्हिडिओ नेमका कुठे अडतोय हे आधी कुणीच पाहत नाही.

एमपीसी-एचसी, म्हणजे मीडिया प्लेअर क्लासिक होम सिनेमा, हा विंडोजवरचा फुकट प्लेअर घरात असावा तो याच एका कारणासाठी. व्हिडिओ चालू असतानाच तो पडद्यावर आकडे दाखवतो: किती फ्रेम्स (व्हिडिओतली एकेक चित्रं) गळल्या, एक फ्रेम रंगवायला किती वेळ लागला, चित्र आवाजाच्या किती मागे राहिलं. हे आकडे वाचता आले की निम्मे प्रश्न पैसे न घालवता सुटतात. उरलेल्यांसाठी पैसे कशावर घालवायचे ते तरी कळतं. ग्राफिक्स चिपमध्ये जी सोय मुळातच नाही ती मात्र कोणताही प्लेअर आणू शकत नाही. हा प्लेअरही नाही.

आधी डाउनलोडबद्दल. या प्लेअरच्या मूळ चमूने जुलै २०१७ मध्ये १.७.१३ ही शेवटची आवृत्ती काढून काम थांबवलं. मूळ संकेतस्थळावर अजून तीच जुनी आवृत्ती मिळते, आणि गुगलवर शोधणारे बरेच जण तीच उतरवून बसतात. पुढचं काम क्लसिड२ (clsid2) या नावाने गिटहब या संकेतस्थळावर चालू आहे. नवी आवृत्ती तिथूनच घ्या. के-लाइट कोडेक पॅकच्या स्टँडर्ड आणि त्यावरच्या संचातही हाच नवा प्लेअर येतो. फरक किरकोळ नाही. एव्ही१ हा व्हिडिओचा प्रकार (व्हिडिओ दाबून साठवायची एक पद्धत) २०१८ मध्ये आला, म्हणजे २०१७ च्या आवृत्तीला तो कसा उलगडायचा हे माहीतच नाही. कोडेक पॅक वेगळा टाकायची गरज नाही, कारण प्लेअरच्या पोटात लाव्ह फिल्टर्स, म्हणजे व्हिडिओ उलगडणारे भाग, आधीच आहेत. उलट कॉम्प्युटर जोडून देणाऱ्याने सात-आठ वर्षांपूर्वी टाकलेले दोन-तीन कोडेक पॅक तसेच पडून असतील तर ते काढून टाका. ते एकमेकांच्या पायात पाय घालतात.

प्लेअर उघडण्याआधी एक गोष्ट

डिव्हाइस मॅनेजर उघडा आणि डिस्प्ले अडॅप्टर्स या ओळीखाली काय लिहिलंय ते वाचा. तिथे ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ दिसलं तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर (ती चिप चालवणारा प्रोग्रॅम) बसलेलाच नाही. विंडोज नव्याने टाकल्यावर आणि इंटरनेट नसताना हे हमखास होतं. पडदा दिसतो, वर्ड-एक्सेल चालतं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. पण या अवस्थेत व्हिडिओ उलगडायचं सगळं काम प्रोसेसरवर पडतं, विंडो हलवायचं कामसुद्धा. इंटेल, एएमडी किंवा एनव्हिडियाच्या संकेतस्थळावरून, लॅपटॉप असेल तर तो बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून, आपल्या मॉडेलचा ड्रायव्हर टाका आणि कॉम्प्युटर पुन्हा सुरू करा. जुन्या मशीनवर या एका पायरीत दुखणं संपलं तर पुढचं वाचायचीही गरज नाही.

कंट्रोल आणि जे

आता अडणारी फाइल एमपीसी-एचसीमध्ये लावा. ऑप्शन्समध्ये प्लेबॅकखाली आउटपुट हे पान आहे. तिथे व्हिडिओ रेंडरर (उलगडलेलं चित्र पडद्यावर रंगवणारा भाग) म्हणून एमपीसी व्हिडिओ रेंडरर निवडा, फाइल बंद करून पुन्हा उघडा आणि कंट्रोल धरून जे दाबा. चित्राच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात ओळी उमटतात आणि खाली एक आलेख सरकायला लागतो.

यातल्या मोजक्याच ओळी कामाच्या. फ्रेम रेट, म्हणजे फाइल सेकंदाला किती चित्रं मागते. इनपुट फॉरमॅटमध्ये एनव्ही१२ असेल तर व्हिडिओ ८ बिटचा, पी०१० असेल तर १० बिटचा, म्हणजे रंगांच्या जास्त छटांचा. फ्रेम्सच्या ओळीत स्किप्ड असा आकडा आहे. तो शून्यावर थांबलेला असावा. सुरुवातीला किंवा पुढे-मागे सरकवल्यावर चार-दोन गळल्या तर सोडून द्या, पण व्हिडिओ चालता चालता तो वाढतच गेला तर फ्रेम्स वेळेत तयार होत नाहीत. शेवटी टाइम्स (फ्रेम रंगवायचा वेळ) आणि सिंक ऑफसेट (चित्र आवाजाच्या किती पुढे-मागे आहे), दोन्ही मिलिसेकंदांत. सेकंदाला २५ फ्रेम्सच्या व्हिडिओला एका फ्रेमसाठी ४० मिलिसेकंद मिळतात, ५० फ्रेम्सच्या व्हिडिओला २०. रंगवायचा वेळ या मर्यादेच्या जवळ गेला की चित्र अडखळणारच. सिंक ऑफसेटचा आलेख शांत असेल तर रेघ जवळजवळ सपाट दिसते. दुखणं असेल तर करवतीच्या दातांसारखी वर-खाली होते, आणि त्या दातांचा ताल पाहूनच पुष्कळ कळतं.

याच्या जोडीला आणखी दोन ठिकाणं पाहायची. पहिलं, व्हिडिओ चालू असताना प्ले मेनूत फिल्टर्स आणि त्यात लाव्ह व्हिडिओ डिकोडर. उघडणाऱ्या चौकटीत ‘अ‍ॅक्टिव्ह डिकोडर’ अशी ओळ आहे. तिथे डी३डी११ किंवा डीएक्सव्हीए२ असेल तर काम ग्राफिक्स चिप करतेय. एव्हीकोडेक असेल तर ओझं प्रोसेसरवर आहे. दुसरं ठिकाण टास्क मॅनेजर. परफॉर्मन्समध्ये जीपीयूवर, म्हणजे ग्राफिक्स चिपवर, क्लिक केलं की ‘व्हिडिओ डिकोड’ नावाचा आलेख दिसतो. एएमडीच्या काही चिपवर त्याचं नाव व्हिडिओ कोडेक असतं. इंटेलच्या दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या मशीनवर जीपीयूची ओळच दिसणार नाही, कारण त्यांचे ड्रायव्हर या सोयीच्या आधीचे आहेत. तिथे लाव्हच्या चौकटीवरच भागवायचं.

स्किप्ड वाढतंय, प्रोसेसर शंभरावर

सगळ्यात नेहमीचा प्रकार हाच. अ‍ॅक्टिव्ह डिकोडर एव्हीकोडेक, प्रोसेसर ९०-१०० टक्के, व्हिडिओ डिकोडचा आलेख जमिनीवर. इथे दोनच शक्यता आहेत: चिपमध्ये सोय आहे पण वापरली जात नाही, किंवा सोयच नाही.

पहिली तपासायला ऑप्शन्समध्ये इंटर्नल फिल्टर्स, तिथे व्हिडिओ डिकोडर हे बटण. हार्डवेअर डिकोडरच्या यादीत विंडोज १० किंवा ११ वर डी३डी११ निवडा. हे एमपीसी व्हिडिओ रेंडररबरोबर नीट चालतं. रेंडरर म्हणून जुना ईव्हीआर ठेवला असेल तर डीएक्सव्हीए२ नेटिव्ह घ्या. चित्र हिरवं किंवा काळं आलं तर डीएक्सव्हीए२ कॉपी-बॅक करून पाहा. शेजारच्या खुणांमध्ये एच.२६४, एचईव्हीसी, व्हीपी९, एव्ही१ हे व्हिडिओचे प्रकार आणि त्याखाली यूएचडी यांवर टिक आहे ना ते बघा. यूएचडीवरची टिक नसेल तर फुल एचडी व्हिडिओ मजेत चालतो आणि फोर-के मात्र प्रोसेसरवर जातो. यामुळे माणसं उगाच ग्राफिक्स कार्डाला दोष देतात. प्रत्येक बदलानंतर फाइल बंद करून पुन्हा उघडायची, नाहीतर जुनीच सेटिंग चालू राहते.

सोय मुळात आहे का, हे प्रोसेसरच्या नावावरून कळतं. आय५-४५७० मधला पहिला ४ म्हणजे चौथी पिढी, आय५-१०४०० म्हणजे दहावी. शेवटी एफ असेल तर आतलं ग्राफिक्स बंद असतं, मग फक्त कार्डाचा विचार करायचा. इंटेलच्या चौथ्या पिढीचं ग्राफिक्स ८ बिटचा एच.२६४ व्यवस्थित उलगडतं, एचईव्हीसीची सोय तिथे अर्धवट आहे. सहाव्या पिढीपासून ८ बिटचा एचईव्हीसी पूर्णपणे चिपवर चालतो. १० बिटचा एचईव्हीसी आणि व्हीपी९ सातव्या पिढीपासून, एव्ही१ अकराव्या पिढीपासून. एनव्हिडियात जीटीएक्स ९५० आणि ९६० पासून एचईव्हीसी, एव्ही१ आरटीएक्स ३० मालिकेपासून. एएमडीत एव्ही१ आरएक्स ६००० मालिकेत आला, पण त्यातल्या आरएक्स ६४०० आणि ६५०० एक्सटी या स्वस्त कार्डांत तो नाही. घ्यायला गेलात तर हे लक्षात असू द्या.

फाइल कोणत्या प्रकारची आहे हे प्लेअरच सांगतो: फाइल मेनूत प्रॉपर्टीज आणि तिथे मीडियाइन्फोचं पान. तिथे फॉरमॅट, बिट डेप्थ आणि क्रोमा सबसॅम्पलिंग (रंगाची माहिती किती कमी करून साठवलीय) या तीन ओळी वाचा. तिसरी ओळ लग्नाच्या व्हिडिओत फार महत्त्वाची. घरगुती फाइलमध्ये तिथे ४:२:० असतं. फोटोग्राफरने कॅमेऱ्यातल्या मूळ क्लिप्स जशाच्या तशा दिल्या असतील तर ४:२:२ आणि १० बिट दिसू शकतं. १० बिट ४:२:२ चा एच.२६४ घरात असणाऱ्या जवळजवळ कोणत्याच ग्राफिक्स चिपला उलगडता येत नाही, आणि एचईव्हीसीतला ४:२:२ इंटेलच्या अकराव्या पिढीपासून पुढे चालतो पण एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४० मालिकेपर्यंतच्या महागड्या कार्डांवरही चालत नाही. गेमिंग पीसीवर लग्नाची क्लिप गचके खाते आणि साध्या नव्या लॅपटॉपवर चालते, हे कोडं यानेच सुटतं.

सोय नसेल तर काय? फुल एचडी एचईव्हीसी असेल तर चार कोअरचा आय५ प्रोसेसरवरच तो ओढून नेतो, घाबरायचं कारण नाही. फोर-के १० बिटला मात्र तो कमी पडतो. डेस्कटॉप असेल तर कार्ड टाकता येतं, आणि इथे एक चूक वारंवार होते. स्वस्तातलं कार्ड मागितलं की मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो वा पुण्यातली तापकीर गल्ली, जीटी ७१० समोर येतं. ते एनव्हिडियाच्या केप्लर या जुन्या पिढीतलं कार्ड आहे, त्याला एचईव्हीसी येत नाही. या कामासाठी ते घेणं म्हणजे पैसे पाण्यात. जीटी १०३० घ्या. ते १० बिटचा एचईव्हीसी आणि व्हीपी९ दोन्ही उलगडतं, जास्तीत जास्त ३० वॉट घेतं, पॉवर सप्लायची वेगळी वायर लागत नाही आणि त्याचं कमी उंचीचं मॉडेल ऑफिसातून आलेल्या बारीक डब्यातही बसतं. एव्ही१ त्याला येत नाही, ४:२:२ ही नाही. कार्ड बसवल्यावर मॉनिटरची केबल कार्डाच्या भोकात लावायची. मदरबोर्डच्या जुन्याच भोकात राहिली तर पडदा जुन्या चिपवरूनच चालत राहू शकतो.

लॅपटॉप असेल किंवा कार्डावर खर्च करायचा नसेल तर फाइलच बदलून घ्या. हँडब्रेक हे फुकट सॉफ्टवेअर त्यासाठी पुरेसं आहे. ‘फास्ट १०८०पी३०’ हा प्रीसेट निवडा, पण तसाच चालवू नका. हा प्रीसेट फ्रेम्स जास्तीत जास्त ३० वर आणतो, म्हणजे ५० फ्रेम्सचा व्हिडिओ ३० वर छाटला जातो. पाचातली तीन चित्रं राहतात, दोन जातात, आणि ज्या गचक्यांसाठी हा खटाटोप केला तेच फाइलमध्ये कायमचे कोरले जातात. व्हिडिओच्या पानावर फ्रेमरेट ‘सेम अ‍ॅज सोर्स’ करा, एन्कोडर साधा एच.२६४ ठेवा, १० बिटवाला नको, आणि क्वालिटी आरएफ २० वर. जुन्या मशीनवर तासाभराच्या फोर-के फाइलला कित्येक तास लागतील, रात्री लावून ठेवा. मूळ फाइल मात्र पुसू नका.

एक सूचना मॅडव्हीआर या रेंडररबद्दल. आउटपुटच्या यादीत ते दिसतं आणि उत्तम चित्रासाठी ते नावाजलेलं आहे, म्हणून हौशी माणसं तेच निवडतात. प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्सवर ते भारी पडतं. डिकोडिंग चिपवर व्यवस्थित चालू असताना फ्रेम्स गळत असतील आणि जीपीयूचा ३डी आलेख शंभराला टेकला असेल तर दोष त्याचाच.

एकही फ्रेम गळत नाही, तरी चित्र अडखळतं

हा प्रकार समजावून सांगायला सगळ्यात अवघड, आणि आपल्याकडे तो फार आढळतो. स्किप्ड शून्य, प्रोसेसर दहा टक्क्यांवर, आणि तरीही कॅमेरा मांडवावरून आडवा फिरला की कनाती ठरावीक तालात टचटच करत सरकतात. कॉम्प्युटरची ताकद इथे कमी पडत नाही, गणित चुकतंय.

भारतात टीव्हीची पद्धत पाल असल्यामुळे लग्नाचं शूटिंग बहुधा २५ किंवा ५० फ्रेम्सवर होतं. कॉम्प्युटरचा मॉनिटर मात्र ६० हर्ट्झवर चालतो, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र ताजं करतो. २५ फ्रेम्सच्या व्हिडिओत प्रत्येक चित्र ४० मिलिसेकंद दिसायला हवं, पण ६० हर्ट्झचा पडदा १६.७ मिलिसेकंदांच्या पटीतच चित्र बदलू शकतो. त्यामुळे काही चित्रं ३३ मिलिसेकंद दिसतात, काही ५०. ५० फ्रेम्सच्या व्हिडिओत दर पाच चित्रांमागे एक दुप्पट वेळ थांबतं, म्हणजे सेकंदाला दहा बारीक धक्के. स्थिर चित्रात ते कळत नाहीत, वरातीत लगेच कळतात. २४ फ्रेम्सच्या सिनेमाचंही ६० हर्ट्झवर असंच होतं, फक्त डोळ्यांना त्याची सवय झालेली असते.

उपाय पडदा ५० हर्ट्झवर नेण्याचा. सेटिंग्जमध्ये डिस्प्ले, त्यात अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले, आणि रिफ्रेश रेटच्या यादीत ५० आहे का बघा. टीव्ही जोडला असेल तर तो बहुधा असतोच, बऱ्याच मॉनिटरवरही असतो, लॅपटॉपच्या स्वतःच्या पडद्यावर क्वचित. ५० हर्ट्झवर २५ चं प्रत्येक चित्र बरोबर दोनदा आणि ५० चं बरोबर एकदा दिसतं. सिंक ऑफसेटच्या आलेखातले दात नाहीसे होतात, रेघ सपाट होते. हा फरक एकदा पाहिला की कुणालाही पटवून द्यावा लागत नाही.

आणि इथेच एमपीसी-एचसी व्हीएलसी या दुसऱ्या फुकट प्लेअरला मागे टाकतो. ऑप्शन्समध्ये फुलस्क्रीनच्या पानावर एक तक्ता आहे: कोणत्या फ्रेम रेटला पडदा किती हर्ट्झवर न्यायचा. २४.९ ते २५.१ या ओळीला ५० हर्ट्झ, ४९.९ ते ५०.१ लाही ५०, उरलेल्यांना ६० असं एकदा भरून ठेवलं की फुलस्क्रीन करताच पडदा आपोआप बदलतो आणि बाहेर पडलं की पूर्ववत होतो. बदलताना टीव्ही दोन-तीन सेकंद काळा होतो, म्हणून त्याच पानावर तेवढा विलंब भरा, नाहीतर सुरुवातीचे संवाद बुडतात. विंडोजवरच्या व्हीएलसीत ही सोय नाही.

याच घरातलं दुसरं दुखणं एचडीएमआयचं. जुन्या लॅपटॉपचं एचडीएमआय १.४ असेल तर फोर-के टीव्हीवर तो ३० हर्ट्झच्या वर जात नाही. चित्र लखलखीत दिसतं म्हणून कुणाला शंका येत नाही, पण ५० फ्रेम्समधल्या २० दर सेकंदाला पडद्यावर येतच नाहीत. माउसचा बाण पडद्यावर जरा जड चालतोय का ते पाहा, तीच खूण. रेझोल्यूशन १९२० बाय १०८० वर आणा, रिफ्रेश ५० किंवा ६० करा. हलत्या चित्राला फोर-के ३० पेक्षा फुल एचडी ५० कितीतरी बरं.

बाकीची दुखणी थोडक्यात

दहा-पंधरा मिनिटं नीट चालून मग अडखळायला लागलं तर उष्णता. एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्रॅममध्ये तापमान आणि प्रोसेसरचा वेग एकत्र पाहा. तापमान नव्वदीत आणि वेग एकदम खाली असेल तर पंखा साफ करून थर्मल पेस्ट बदला. लॅपटॉप चार्जरवर ठीक आणि बॅटरीवर गचके देत असेल तर पॉवर मोड बदला.

आवाज आणि चित्र दोन्ही एकदम थांबत असतील तर डेटा पोचत नाहीये. पेनड्राइव्हच्या वेगाला लोक लगेच दोष देतात, पण हिशेब करा. आयफोनचा फोर-के ६० फ्रेम्सचा हाय एफिशियन्सी व्हिडिओ मिनिटाला साधारण ४०० एमबी, म्हणजे सेकंदाला सात एमबीसुद्धा नाही. धड चालणारा यूएसबी २ चा पेनड्राइव्ह याच्या दुप्पट-तिप्पट देतो. फाइल डेस्कटॉपवर कॉपी करून चालवा. कॉपीच एखाद्या जागी अडून राहिली तर पेनड्राइव्ह मरायला टेकलाय, आधी दुसरी प्रत काढा. हार्ड डिस्कची शंका असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रॅममध्ये ‘करंट पेंडिंग सेक्टर’ पाहा, तिथे शून्याशिवाय काही असेल तर व्हिडिओ राहू दे, बॅकअप घ्या.

अनियमित गचके, आणि त्याच क्षणी आवाजात कडकड असेल तर बहुधा एखादा ड्रायव्हर कॉम्प्युटरला धरून ठेवतो. लेटन्सीमॉन हा प्रोग्रॅम दहा मिनिटं चालवा, कोणत्या ड्रायव्हरपायी वेळ जातोय त्याचं नाव ते देतं. बऱ्याचदा तो वाय-फायचा निघतो. ब्लूटूथ हेडफोन काढून वायरचा लावून पाहणं ही त्याहून सोपी चाचणी, कारण चित्र आवाजाच्या घड्याळावर चालतं आणि ते घड्याळ डगमगलं की चित्रही डगमगतं. रॅमबद्दल एकच: आतलं ग्राफिक्स रॅमच वापरतं, म्हणून एका पट्टीऐवजी दोन सारख्या पट्ट्या असतील तर फायदा होतो. नुसती ८ ची १६ जीबी केल्याने नाही.

यूट्यूब अडखळत असेल तर हा प्लेअर बाजूला ठेवा, तो प्रश्न ब्राउझरचा. व्हिडिओवर राइट क्लिक करून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ उघडा. कोडेक्ससमोर एव्ही०१ किंवा व्हीपी०९ लिहिलेलं असेल, ड्रॉप्ड फ्रेम्स वाढत असतील आणि चिप जुनी असेल, तर एच२६४इफाय हे एक्स्टेन्शन टाका. ते यूट्यूबला एच.२६४ द्यायला लावतं. मोबदल्यात १०८०पीच्या वर जाता येत नाही, जुन्या मशीनला ते चालतंच. क्रोमच्या सिस्टिम सेटिंगमध्ये ग्राफिक्स अ‍ॅक्सेलरेशन चालू असायला हवं. एकदा काहीतरी बिघडलं म्हणून कुणीतरी बंद केलेलं असतं आणि मग विसरलेलं असतं.

काय खटकतं

प्लेअरचं रूपडं पंधरा वर्षांपूर्वीचं आहे, आणि ऑप्शन्सच्या जंगलात नवखा माणूस हरवतो. रेंडरर, डिकोडर आणि फुलस्क्रीन या तीन एकमेकांत गुंतलेल्या गोष्टी तीन वेगळ्या पानांवर ठेवल्यात. डी३डी११ आणि ईव्हीआर जुळत नाहीत हे प्लेअर स्पष्ट सांगत नाही, गपचूप प्रोसेसरवर जातो. निदान तिथे तरी त्याने टोकायला हवं होतं. मराठी सबटायटल्स चौकोनी डबे दिसत असतील तर फाइल यूटीएफ-८ मध्ये साठवा आणि सबटायटल्सच्या डिफॉल्ट स्टाइलमध्ये निर्मला यूआय किंवा मंगल फॉन्ट निवडा. हा प्लेअर मॅकवर आणि लिनक्सवर नाही. तिथे एमपीव्ही घ्या, आकडे दाखवण्यात तो याच्या तोडीचा आहे, फक्त सेटिंग्ज टेक्स्ट फाइलमध्ये लिहाव्या लागतात.

घरातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवरची किंवा राउटरला लावलेल्या डिस्कवरची फाइल वाय-फायवरून पाहायची असेल तर व्हीएलसीच बरा. त्यात प्रेफरन्सेसमध्ये सगळ्या सेटिंग्ज दाखवून नेटवर्क कॅशिंग (पुढचा डेटा आधीच साठवून ठेवणं) वाढवता येतं आणि वाय-फायचे छोटे खड्डे भरून निघतात. मात्र गचके डिकोडिंगचे असतील तर हे कॅशिंग कितीही वाढवा, काही फरक पडत नाही. इंटरनेटवर सगळीकडे हाच उपाय पहिला सांगितलेला असतो, म्हणून हे मुद्दाम लिहिलं. व्हीएलसीतही कंट्रोल आणि जे दाबून स्टॅटिस्टिक्सच्या पानावर लॉस्ट फ्रेम्स दिसतात, पण सिंकचा आलेख नाही, त्यामुळे ५० आणि ६० हर्ट्झचं दुखणं तिथे पकडता येत नाही.

फोटोग्राफरशी बोलणं अजून व्हायचं असेल तर ऑर्डर देतानाच सांगून ठेवा: फोर-के काय द्यायचं ते द्या, सोबत एक प्रत फुल एचडी, एच.२६४, ८ बिट, ४:२:०, शूट केलेल्याच फ्रेम रेटवर हवी. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमधून ती वेगळी काढायला त्यांना फारसे कष्ट नाहीत, आणि तेवढी प्रत आजीच्या खोलीतल्या दहा वर्षं जुन्या डेस्कटॉपवरही चालते.